हरणं किती, रोपटी किती?

अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया राज्याच्या नावातच जंगल आहे. लॅटिनमध्ये 'सिल्वा' म्हणजे अरण्य. 1681 मध्ये इंग्लंडच्या राजाने विल्यम पेन याला ही भूमी दिली आणि पेनच्या वडिलांच्या नावावरून ती 'पेनचं अरण्य' झाली. या अरण्यात हरणं किती असावीत, या एका प्रश्नावरून तिथले शिकारी आणि वनशास्त्रज्ञ जवळजवळ शंभर वर्षं भांडत आले आहेत. कोर्टकचेऱ्या झाल्या, विधिमंडळात चर्चा झाल्या, आणि हरणांच्या विभागाचा प्रमुख काही सभांना अंगात बुलेटप्रूफ जाकीट घालून जातो, अशा बातम्याही छापून आल्या. मी कविता लिहिणारा माणूस. अरबीत 'गझाल' म्हणजे हरीण, त्यामुळे गझल लिहिणाऱ्याला हे जनावर परकं नाही. पण आमच्या हरणाला डोळे असतात, तहान असते आणि पळणं असतं. ते खातं काय, आणि त्याने खाल्ल्यावर जमिनीवर काय उरतं, हे कुठल्याच शेरात येत नाही. ते मला तिकडच्या शिकाऱ्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा, हे समीकरण पक्कं बसलं आहे आणि ते योग्यच आहे. तिकडे मात्र शिकारी हा व्यवस्थेचा एक भाग आहे. 1895 साली स्थापन झालेलं पेन्सिल्वेनियाचं गेम कमिशन हे वन्यप्राण्यांचं सरकारी खातं. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा शिकारीच्या परवान्यांतून येतो. त्यात बंदुका आणि काडतुसांवरच्या केंद्रीय कराची भर पडते. हा कर आधीपासून होता, 1937 च्या कायद्याने तो वन्यप्राण्यांसाठी राज्यांना मिळू लागला. म्हणजे हरणांची काळजी घेणाऱ्या अधिकाऱ्याचा पगार हरीण मारणारा देतो. 'आमच्या पैशावर जगता आणि आमचीच हरणं संपवता' हे वाक्य तिथे का ऐकू येतं, ते यावरून कळेल.

या भांडणाचं मूळ पाहायला थोडं मागे जावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पेन्सिल्वेनियातलं बहुतेक मूळ जंगल तोडून झालं होतं. लांडगे आणि पहाडी सिंह संपले होते. हरणंही इतकी मारली गेली होती की 1900 च्या सुमारास दिसलं तर ती गावात सांगण्यासारखी गोष्ट होती. मग खात्याने 1906 पासून दुसऱ्या राज्यांतून हरणं विकत आणून सोडली आणि 1907 मध्ये कायदा केला की, मारायचा तो शिंगं असलेला नरच. मादीला हात लावायचा नाही.

शेळ्या पाळणाऱ्या कुणालाही विचारा, याचा अर्थ तो लगेच सांगेल. बोकड कापायचे आणि शेळ्या राखायच्या, यानेच कळप वाढतो. एक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यात तोडलेल्या जंगलाच्या जागी नवा पाला फुटला होता, तोही नेमका हरणाच्या तोंडाच्या उंचीवर. शत्रू उरला नव्हता, खायला मुबलक होतं आणि माद्यांना अभय होतं. वीस-पंचवीस वर्षांत हरणं इतकी झाली की कडक हिवाळ्यात ती उपासमारीने मरू लागली. 1920 च्या दशकात खात्याने माद्या मारायला परवानगी दिली, तेव्हा शिकारी खवळले. मादी मारणं म्हणजे पाप, असं जे खात्यानेच त्यांना शिकवलं होतं, ते आता खातंच पुसायला निघालं होतं. ही शिकवण बापाकडून मुलाकडे गेली आणि आज ती नातवापर्यंत पोचली आहे. माझ्या मते पेन्सिल्वेनियातला अर्धा वाद हरणांचा नाहीच, तो या शिकवणीचा आहे.

2017 च्या नोव्हेंबरात मी पुतण्याकडे गेलो होतो. तो राज्याच्या मधोमध, डोंगररांगांच्या कुशीतल्या एका विद्यापीठाच्या गावात राहतो. तेव्हा बंदुकीच्या शिकारीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा. 1963 पासूनची ती रीत होती, 2019 मध्ये तो दिवस शनिवारवर आणला. त्या सोमवारी आजूबाजूच्या गावांतल्या कित्येक शाळांना सुट्टी असते, हे मला पुतण्याने सांगितलं तेव्हा मी हसलो. तो म्हणाला, "चाचा, हसू नका. इथे हा सणच आहे." भडक नारिंगी जाकिटं घातलेली माणसं पेट्रोल पंपावर पहाटे चारला कॉफी घेत उभी होती. आपल्याकडे आषाढीच्या आधी रस्ते दिसतात, तशी वर्दळ.

पुतण्याच्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ राहतात. आयुष्यभर ट्रक दुरुस्त केले, बाराव्या वर्षी पहिला परवाना काढला, तेव्हापासून एकही हंगाम चुकला नाही. उत्तरेच्या पॉटर कौंटीत त्यांच्या वडिलांनी बांधलेली लाकडी खोली आहे. वर्षातले पंधरा दिवस सगळे पुरुष तिथे जमतात. आणि त्यांचा जावई जंगलात रोपटी मोजण्याचं काम करतो. एकाच घरात हे दोघं. पुतण्याने दोघांना जेवायला बोलावलं. त्या संध्याकाळी बिर्याणी निवत राहिली आणि मी हा विषय शिकलो. (म्हाताऱ्याने हरणाचं मांस भेट आणलं होतं. ते हलाल की नाही, यावर आमच्या घरात वेगळी चर्चा झाली, ती इथे नको.)

म्हाताऱ्याचं म्हणणं सरळ होतं. "मी लहानपणी त्या झाडाखाली बसायचो तेव्हा सकाळपासून दुपारपर्यंत तीस हरणं दिसायची. आता तीन दिवसांत दोन दिसली. मी डोळ्यांवर विश्वास ठेवू की याच्या कागदावर?"

जावई शांतपणे म्हणाला, "बाबा, तुम्ही तीस हरणं पाहात होतात, तेव्हा त्यांच्या पायाखाली काय होतं?"

पायाखाली काय होतं, हाच सगळा मुद्दा आहे. तिथल्या अनेक जंगलांत वर पाहिलं तर ऐंशी-शंभर वर्षांची उंच झाडं, सुंदर सावली. खाली पाहिलं तर गुडघाभर नेच्यांचा हिरवा गालिचा. प्रवासी म्हणून गेलेल्या माणसाला तो फार आवडतो, मलाही आवडला. पण त्यात एकही बाळ-झाड नसतं. पांढऱ्या शेपटीचं हरीण ओकची, मेपलची कोवळी रोपटी आवडीने खातं, नेचे खात नाही. बीचच्या झाडाकडेही सहसा वळत नाही. वर्षानुवर्षं आवडतं ते खाल्लं गेलं आणि नावडतं ते पसरलं. एकदा नेच्यांनी जमीन झाकली की त्यांच्या सावलीत दुसरं बी रुजत नाही. वरची झाडं म्हातारी होऊन पडतील तेव्हा त्यांची जागा घ्यायला कुणी नाही. ज्या घरात फक्त आजी-आजोबा आहेत, अशा घरासारखं हे जंगल. बाहेरून भरलेलं दिसतं.

म्हणून तिथलं खातं आता फक्त हरणं मोजत बसत नाही, रोपटी मोजतं. पद्धत अशी आहे. राज्यभर ठरलेल्या ठिकाणी सुमारे सात फूट त्रिज्येची वर्तुळं आखतात आणि आतलं प्रत्येक रोपटं जातीनुसार, उंचीनुसार टिपतात. सगळ्या रोपट्यांना सारखी किंमत नाही. वीतभर रोपट्याला एक गुण धरला, तर पाच फुटांच्या वर गेलेल्याला त्याच्या अनेक पट गुण, कारण ते हरणाच्या तोंडाच्या टप्प्यातून सुटण्याच्या बेतात आहे. आपल्याकडे पूर्वी पाच वर्षं ओलांडलेल्या मुलाकडे पाहून म्हाताऱ्या बायका सुस्कारा सोडत, तसाच हा हिशेब. ज्या विभागात सत्तर टक्के वर्तुळांत पुरेशी रोपटी सापडतात, तिथलं जंगल चांगलं. पन्नासच्या खाली गेलं तर वाईट. या आकड्याबरोबर हरणांच्या प्रकृतीची माहितीही घेतात. त्यासाठी रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या माद्यांच्या पोटात किती गर्भ होते, हेसुद्धा या लोकांनी वर्षानुवर्षं तपासलं.

शिकाऱ्याचा पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. तो म्हणतो, "मला हरणं किती ते सांगा, झाडं किती ते नको." चौरस मैलामागे किती हरणं हवीत, हा आकडा खातं पूर्वी सांगत असे. 2000 च्या दशकात ते धोरण बदललं आणि उद्दिष्टं आली ती निरोगी हरणं, निरोगी जंगल आणि माणसांशी कमी झगडा. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर असेल. पण ज्याने पैसे भरले त्याला आकडा न देणं, यातून अविश्वास वाढला, हेही तितकंच खरं. रेशनच्या दुकानात वजनकाटा झाकून ठेवला तर माल चोख असूनही गिऱ्हाईक ओरडणारच.

दुसरा आक्षेप कुंपणाचा. तिथे जंगलात जागोजागी आठ-आठ फुटी जाळ्यांची कुंपणं घातली आहेत. आत रोपट्यांची दाटी, बाहेर नेचे. जावयाने मला मोबाइलवर असा फोटो दाखवला. आपल्याकडे ज्या गावांनी चराईबंदी केली, त्या गावांच्या शिवेवर हे चित्र दिसतं. बंदी केलेल्या डोंगरावर गवत आणि झुडपं, आणि शेजारच्या गावच्या डोंगरावर शेळ्यांनी सोललेली माती. म्हटलं, झालं की सिद्ध! म्हातारा म्हणाला, "यातून काहीच सिद्ध होत नाही. कुंपणात शून्य हरणं आहेत. शून्य हरणांचं जंगल मला दाखवून काय सांगता? दहा हरणांचं दाखवा, वीसचं दाखवा." ट्रक दुरुस्त करणारा माणूस. इंजिनातला दोष शोधण्याची त्याला सवय. प्रश्न त्याने अगदी नेमका विचारला होता.

या प्रश्नाचं उत्तर देणारा प्रयोग झालेला आहे. अमेरिकी वनसेवेच्या वॉरन इथल्या संशोधकांनी 1980 च्या आसपास वायव्य पेन्सिल्वेनियात चार ठिकाणी जंगलाचे मोठे तुकडे कुंपणाने बंद केले आणि हरणं बाहेर ठेवण्याऐवजी मोजून आत ठेवली. चौरस मैलामागे सुमारे 10, 20, 38 आणि 64 या प्रमाणात. प्रत्येक तुकड्यात काही भाग पूर्ण तोडलेला, काही विरळ केलेला, बाकीचा जसाच्या तसा ठेवला, आणि दहा वर्षं पाहात राहिले. निकाल पायरीपायरीने आला. जशी हरणं वाढली तशा झाडांच्या जाती घटल्या, रोपट्यांची उंची घटली, नेचे वाढले. वीसच्या पुढे गेल्यावर मधल्या उंचीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या काही जातीही दिसेनाशा झाल्या. पक्ष्यांशी हरणाचं काही वैर नाही. पण पक्ष्याची फांदी जन्मायच्या आधीच त्याने खाल्लेली असते.

म्हाताऱ्याला हा प्रयोग माहीत होता. "कुंपणातलं हरीण चालत दुसऱ्या डोंगरावर जाऊ शकत नाही," तो म्हणाला. जावयाने ते मान्य केलं. या दोघांचं मला हेच आवडलं. एकाचा मुद्दा पटला की दुसरा निमूट मान हलवायचा आणि मग पुढचा मुद्दा काढायचा.

सगळ्यांत मोठी लढाई झाली ती या शतकाच्या सुरुवातीला. गॅरी आल्ट हे अस्वलांवरच्या कामामुळे राज्यभर लाडके झालेले शास्त्रज्ञ. 1999 मध्ये त्यांच्याकडे हरणांचा विभाग आला. गावोगाव सभा घेत त्यांनी दोन गोष्टी पटवायचा प्रयत्न केला. कोवळ्या नरांना मोठं होऊ द्या, आणि माद्या मारा. 2001 मध्ये नर आणि माद्या यांचा हंगाम एकत्र झाला. 2002 पासून बहुतेक भागांत एका शिंगाला किमान तीन, तर पश्चिमेकडे चार टोकं असलेलाच नर मारायचा, असा नियम आला. त्या हंगामात 5 लाख 17 हजारांहून जास्त हरणं मारली गेली. राज्याच्या इतिहासातला तो उच्चांक. त्यात माद्या आणि पाडसं मिळून साडेतीन लाखांच्या वर होती. तीन-चार वर्षांत एकूण शिकारच साडेतीन लाखांच्या आसपास आली.

मोठी शिंगं मिळू लागली म्हणून काही खूश झाले. पण उत्तरेच्या दाट जंगलात, जिथे पिढीजात खोल्या आहेत, तिथे माणसं दिवसभर थंडीत बसून रिकाम्या हाताने परतू लागली. एका शिकारी संघटनेने खटले भरले, ते टिकले नाहीत. हे सगळं लाकूड कंपन्यांसाठी चाललंय, असाही आरोप झाला, कारण तिथलं काळ्या चेरीचं लाकूड फर्निचरसाठी महागड्या भावाने जातं. 2004 च्या अखेरीस आल्ट यांनी नोकरी सोडली. 2010 मध्ये विधिमंडळाच्या समितीने बाहेरच्या संस्थेकडून खात्याच्या कामाची तपासणी करून घेतली. तिने मूळ पद्धत उचलून धरली, दुरुस्त्याही सुचवल्या. वाद मिटला नाही.

मिटण्याच्या जवळ कुठे गेला असेल, तर तो किंझुआ भागात. मॅककीन कौंटीत सुमारे 74 हजार एकरांवर जमीनमालक, वनाधिकारी आणि शिकारी यांनी 2000 साली एकत्र काम सुरू केलं. तिथे त्यांनी शिकाऱ्यांनाच मोजणीत ओढलं. हिवाळा संपला की ठरलेल्या रेषांवरून चालत हरणांच्या लेंड्यांचे ढीग मोजायचे. एक हरीण दिवसाला साधारण पंचवीसदा लेंड्या टाकतं, असं धरून संख्या काढायची. किती डहाळ्या खाल्ल्या गेल्या, ते टिपायचं. हंगामात मारलेली हरणं एका नाक्यावर आणून वजन करायचं, आणि वर्षाकाठी सगळ्यांना जेवण घालून हे आकडे वाचून दाखवायचे. चौरस मैलामागे 28 च्या आसपास असलेली हरणं काही वर्षांत निम्म्याच्या जवळ आली. रोपटी वर आली, ट्रिलियमची फुलं पुन्हा दिसू लागली, आणि नाक्यावर येणारी हरणं पूर्वीपेक्षा वजनदार निघाली. ज्याने स्वतः लेंड्या मोजल्या, त्याला कागदावरचा आकडा परका वाटत नाही.

लेंड्यांचं ऐकताना मला आपल्याकडची बुद्धपौर्णिमेची रात्र आठवली. ताडोब्यात, मेळघाटात पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून लोक चांदण्यात जनावरं मोजतात. शास्त्रीय गणना म्हणून तिला आता कुणी धरत नाही, जंगलाशी ओळख म्हणून ती चालते. पण त्या मचाणावर रात्र काढलेला माणूस वनखात्याविषयी बोलताना वेगळ्या सुरात बोलतो, हे मी पाहिलं आहे. आणि हरणं जास्त झाली तर जंगल थांबतं, ही गोष्ट आपल्या देशातही घडलेली आहे. इंग्रजांनी अंदमानात चितळ नेऊन सोडले. तिथे वाघ-बिबटे नाहीत. चितळ एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत पसरले आणि कित्येक ठिकाणी जंगलातली नवी उगवण खाऊन त्यांनी जमीन मोकळी केली. ताडोब्यातल्या चितळामागे वाघ आहे, रानकुत्री आहेत. पेन्सिल्वेनियातल्या हरणामागे एवढा मोठा कळप आवरणारं दुसरं कुणी नाही, बंदूकवाला म्हाताराच आहे.

आणि तो म्हातारा कमी होत चालला आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे बारा लाखांहून जास्त परवाने विकले जात, आता ते नऊ लाखांच्या आत-बाहेर आहेत. ज्याला हरीण दिसत नाही तो पुढच्या वर्षी येत नाही, मुलालाही आणत नाही. जंगलासाठी हरणं कमी करायची तर शिकारी हवेत, आणि शिकारी टिकवायचे तर हरणं दिसायला हवीत. हा पेच शास्त्रज्ञांना कळत नाही असं नाही. त्यात 2012 पासून हरणांच्या मेंदूचा एक असाध्य रोग राज्यात सापडू लागला आहे. त्याच्या बंदोबस्तासाठीही बंदूकच लागते.

शिकाऱ्यांचा आणखी एक मुद्दा बरीच वर्षं कानाआड गेला होता. ते म्हणत, दोष नुसता हरणांचा नाही, मातीचाही आहे. कोळशाच्या वीजकेंद्रांमुळे दशकानुदशकं आम्लाचा पाऊस पडला, मातीतलं कॅल्शियम धुऊन गेलं, तिथे मेपल कसा उगवणार? हरणं कमी करूनही काही डोंगरांवर रोपटी आली नाहीत, तेव्हा या प्रश्नाकडे पाहावंच लागलं. 2013 पासून पेन स्टेट विद्यापीठ, गेम कमिशन आणि राज्याचं वनखातं मिळून सरकारी जंगलांत एक दीर्घ अभ्यास करत आहेत. हरणांच्या गळ्यात उपग्रहावरून माग काढणारे पट्टे आहेत. जोडीला मातीची आम्लता, नेच्यांची दाटी आणि उजेड हेही मोजलं जातं. हरीण, माती आणि नेचे यांच्यात दोष कसा वाटायचा, ते ठरवायला झाडांच्या आयुष्याएवढा नाही तरी माणसाच्या नोकरीएवढा काळ लागेलच.

आमच्या म्हाताऱ्यांच्या मालकीचं घरामागे चाळीस एकर रान आहे. तिथे त्यांनी जावयाला एक तुकडा कुंपणासाठी दिला, आणि त्याच्या शेजारी दुसरा बिनकुंपणाचा, पण नेचे कापून चुना टाकलेला. अट त्यांचीच होती: मोजायचं दोघांनी मिळून, आणि वही म्हाताऱ्यांकडे राहणार. गेल्या वर्षी पुतण्याने त्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. कुंपणातले लाल मेपल छातीला लागले आहेत. चुन्याच्या तुकड्यात ओकची रोपटी बरीच आली आहेत, पण वीतभरच, आणि शेंडे खुडलेले. समोरच्या रकान्यात म्हाताऱ्यांनी पेन्सिलने लिहिलं आहे: 'हरीण. बहुधा दोन. मी पाहिली नाहीत.'